पकडले गेले, मग पदक कशाला? पाठ्यपुस्तक मंडळाच्या मराठी भाषा समितीस खुले पत्र

प्रति,
मराठी भाषा समितीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे

सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत 31 वर्षे मराठी शिकवले. तुमची पुस्तके माझ्या हातून इतक्या वेळा गेली आहेत की काही धडे अजून पान क्रमांकासकट आठवतात. आज मात्र तुमच्या पुस्तकांत मला कधी न भेटलेल्या एका माणसाबद्दल लिहिते आहे.

10 ऑगस्ट 2025 रोजी पुण्यात ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर यांचे निधन झाले. हवाई दलाने श्रद्धांजली वाहिली, वर्तमानपत्रांत बातमी आली. दोन दिवसांनी, 12 ऑगस्टला, पाकिस्तानच्या कैदेतून ते पळाले त्या रात्रीला 53 वर्षे पूर्ण व्हायची होती. बातमी वाचली आणि मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. 15 ऑगस्टला आमच्या शाळेत एक पाहुणे आले होते. भाषणात त्यांनी पारुळकरांची गोष्ट सांगितली. रावळपिंडीच्या तुरुंगातून तीन भारतीय वैमानिक पळाले, पळताना त्यांनी पहारेकऱ्यांचे गळे चिरले, पाकिस्तानला धडा शिकवला, असे सगळे हातवारे करत सांगितले. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुसऱ्या दिवशी आठवीच्या तासाला एक मुलगा उभा राहिला. त्याने घरी कुणाकडून तरी पुढचे ऐकले होते. म्हणाला, "बाई, ते तर पकडले गेले. मग त्यांना पदक कशाला दिलं?"

मी त्याला शौर्य, प्रयत्न, देशप्रेम असे काहीतरी मोघम सांगून बसवले. प्रश्न मात्र बसला नाही. नंतर मी मिळेल ते वाचत गेले, आणि कळले की पाहुण्यांनी सांगितलेले गळे कुणीच चिरलेले नव्हते. त्या रात्री कुणाला साधे खरचटलेही नव्हते. त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर नेमके याच गोष्टीत दडलेले आहे. म्हणून हे पत्र: पारुळकरांवर एक धडा तुमच्या पुस्तकात घ्या.

आधी माणूस कोण होता ते सांगते. पारुळकर मार्च 1963 मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. दोनच वर्षांनी 1965 चे युद्ध आले. एका मोहिमेत त्यांच्या विमानावर मारा झाला आणि उजवा खांदा जखमी झाला. तुकडीच्या प्रमुखाने त्यांना विमान सोडून उडी घ्यायला सांगितले. लढाऊ विमानाचा दांडा उजव्या हातात असतो, हे लक्षात घेतले म्हणजे जखम त्याच खांद्याला होणे म्हणजे काय ते समजते. तरीही त्यांनी तुटकेफुटके विमान तळावर आणून उतरवले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. एवढ्यावर धडा लिहायचा तर कुणीही लिहील, आणि तो चांगलाही होईल.

मला पुढचे हवे आहे.

डिसेंबर 1971. पारुळकर तेव्हा सुखोई-7 चालवत होते. हे एका इंजिनाचे रशियन विमान. शत्रूचे रणगाडे, रेल्वे, तोफा यांच्यावर खालून, जमिनीलगत वेगाने जाऊन मारा करणे हे त्याचे काम. जमिनीलगत जायचे म्हणजे खालच्या प्रत्येक तोफेच्या टप्प्यात जायचे. त्या युद्धात या विमानांचे मोठे नुकसान झाले ते मुख्यतः याच कारणाने. 10 डिसेंबरला पारुळकरांचे विमान पडले, त्यांनी उडी घेतली आणि ते कैद झाले. वय तिशीच्या आतले.

हवाई दलाचे असे 12 जण रावळपिंडीच्या छावणीत होते. काहींची हाडे मोडलेली. सुरुवातीला प्रत्येकाला एकेकटे ठेवले होते, नाताळच्या दिवशी त्यांना पहिल्यांदा एकत्र आणले गेले. छावणीचा प्रमुख होता स्क्वाड्रन लीडर उस्मान, पाकिस्तानी हवाई दलाचा अधिकारी. या कैद्यांशी तो माणुसकीने वागला, हे परत आलेल्या वैमानिकांनीच सांगून ठेवले आहे. हे नाव लक्षात ठेवा. शेवटी ते परत येणार आहे.

युद्ध 16 डिसेंबरला संपले, पण कैदी सुटेनात. पूर्वेकडे शरण आलेले सुमारे 93,000 पाकिस्तानी भारताच्या ताब्यात होते, बांगलादेशला मान्यता देण्याचा प्रश्न होता, वाटाघाटी चालू होत्या. जुलै 1972 मध्ये सिमला करार झाला, तरी सुटकेची तारीख नव्हती. पारुळकरांच्या मनात मात्र पळून जाण्याचा विचार पहिल्यापासून पक्का होता. कैद झालो तर निसटण्याचा प्रयत्न करणार, असे त्यांनी युद्धाआधीच वरिष्ठांना सांगून ठेवले होते. साथीला फ्लाइट लेफ्टनंट मालविंदर सिंग ग्रेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी आले.

आता तयारी पाहा, कारण मुलांना खरा रस इथे वाटेल. शिवणाच्या सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केले. भत्त्याचे पैसे साठवले. वैमानिकाच्या जी-सूटमध्ये रबरी पिशव्या असतात. विमान जोरात वळले की त्यांत हवा भरते, त्या पाय आणि पोट आवळून धरतात आणि रक्त खाली उतरून शुद्ध हरपण्याचा धोका टळतो. त्याच पिशव्यांच्या त्यांनी पाण्याच्या पखाली केल्या. रात्री-अपरात्री कोठडीच्या भिंतीच्या विटा एकेक करून सैल करायच्या, चुरा लपवायचा, सकाळी सारे जसेच्या तसे दिसेल असे ठेवायचे. बाहेरच्या अंगाचा प्लास्टरचा थर विटांपेक्षा चिवट निघाला. बाकीचे पळणार नव्हते, पण पहारा कुठे आहे यावर लक्ष ठेवणारे डोळे त्यांचे होते. मागे राहिलेल्यांना या पळण्याची किंमत मोजावी लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी साथ दिली. पुस्तकात तीनच नावे छापली तर मुलांना वाटेल हे तिघांचेच काम होते. तसे होऊ देऊ नका.

12 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, वादळी पावसात, तिघे भिंतीतून बाहेर पडले. रस्त्यावर रात्रीचा सिनेमा सुटलेला होता. त्या गर्दीत मिसळले. तिथून बसने पेशावर, पुढे जमरूद, पुढे खैबर खिंडीतून लंडी कोतल. भारताच्या सीमेवर युद्धानंतर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी होती, म्हणून त्यांनी उलट दिशा धरली. अफगाणिस्तानात शिरायचे, तिथून घरी. सकाळपर्यंत ते लंडी कोतलला पोहोचले. अफगाण सीमा उरली होती जेमतेम चार मैल.

आणि इथे एका रेल्वे स्टेशनाने घात केला. त्यांच्याजवळच्या माहितीप्रमाणे रेल्वे लंडी कोतलच्याही पुढे, सीमेलगतच्या लंडी खाना नावाच्या स्टेशनापर्यंत जात होती. म्हणून त्यांनी लोकांना विचारले, लंडी खान्याला कसे जायचे? पण खैबरच्या रेल्वेचा तो शेवटचा टप्पा 1926 मध्ये सुरू होऊन 1932 मध्येच बंद पडला होता. चाळीस वर्षे गाडी न गेलेल्या स्टेशनाचा पत्ता विचारणारे तीन तरुण. स्थानिक माणूस असे कधी विचारणार नाही. तहसील कचेरीतल्या एकाला संशय आला. संशयसुद्धा काय, तर हे पळून जाणारे बंगाली असावेत! त्या दिवसांत पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेने अफगाणिस्तानात आणि तिथून बांगलादेशात जाण्याची धडपड करत होते. भारतीय वैमानिक म्हणून त्यांना कुणी ओळखलेच नव्हते. इतिहास शिकवताना मला ही गोष्ट फार उपयोगी पडली असती. 1971 म्हटले की आपल्या मुलांना ढाका आणि शरणागती आठवते, पण खैबर खिंडीतून बायकामुलांसह निघालेले बंगाली कारकून आणि शिपाई त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे लोक असल्याचे सांगून पाहिले. पारुळकर फिलिप पीटर झाले होते, हरीश सिंहजी हॅरॉल्ड जेकब. तहसीलदाराचे समाधान होईना. टोळीवाल्यांचा मुलूख, कायदा लांब, आणि हे तिघे बिनओळखीचे. हेर म्हणून तिथल्या तिथे गोळी घातली असती तरी जगाला कळले नसते. तेव्हा पारुळकरांनी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सगळ्यात थंड डोक्याचा क्षण तो होता. त्यांनी तहसीलदाराला सांगितले, पेशावरला पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे त्यांच्या दिमतीच्या अधिकाऱ्याला, फोन लावा. एडीसी कोण होते? छावणीवरून बदली होऊन तिथे गेलेले तेच स्क्वाड्रन लीडर उस्मान. फोन लागला. पारुळकर त्यांच्याशी बोलले, कोण आहोत आणि काय झाले ते सांगितले. उस्मान यांनी तहसीलदाराला बजावले, ही माणसे आमची आहेत, यांना नीट ठेवा, हात लावू नका.

शत्रूच्या अधिकाऱ्याने एका फोनवर तीन भारतीय वैमानिकांचे प्राण वाचवले. आमच्या पाहुण्यांच्या भाषणात हा माणूस नव्हता. गळे चिरलेले असते तर तो फोनही उपयोगी पडला नसता.

कायदा इथेच येतो. युद्धकैद्यांविषयीचा जिनिव्हा करार भारत आणि पाकिस्तान दोघांवरही बंधनकारक आहे. त्याच्या 91 ते 93 या कलमांत कैद्याच्या पलायनाचा विचार केला आहे, आणि तो वाचून मी थक्क झाले. पळून जाण्याचा प्रयत्न करणे हा कैद्याचा गुन्हा धरलेला नाही. पकडला गेला तर फक्त शिस्तीची शिक्षा करता येते आणि तीही 30 दिवसांपेक्षा जास्त नाही. पळण्यासाठी त्याने भिंत फोडली, साधे कपडे घातले, खोटी कागदपत्रे वापरली, तरी हेच. अट एकच: कुणा माणसावर हिंसा केलेली नसावी. पारुळकर, ग्रेवाल आणि सिंहजी यांनी भिंत फोडली, साधे कपडे घातले, खोटी नावे सांगितली, आणि कुणावर बोटही उचलले नाही. म्हणजे कराराने दिलेल्या मोकळिकीच्या रेषेच्या आत ते शेवटपर्यंत राहिले. परत आणल्यावर त्यांना एकांतकोठडी भोगावी लागली, जीव मात्र सुरक्षित राहिला. (हा करार झाला तो दिवस 12 ऑगस्ट 1949. हा योगायोग मला कॅलेंडर चाळताना सापडला आणि मी बराच वेळ त्या तारखेकडे बघत बसले.)

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. पकडले गेले, मग पदक कशाला? हवाई दलाने पारुळकरांना या पलायनाबद्दल विशिष्ट सेवा पदक दिले. फसलेल्या पलायनाबद्दल, हे ध्यानात घ्या. कारण सैनिक कैदेत पडला म्हणून त्याची नोकरी संपत नाही. विमान गेले, हत्यार गेले, दर्जाच्या पट्ट्या गेल्या, तरी तो ड्यूटीवरच असतो. मध्यरात्री सुईला चुंबकत्व देणे ही त्याची ड्यूटी. पहारेकऱ्याला न मारणे हीसुद्धा ड्यूटी. चार मैलांवरून परत फिरावे लागले तेव्हा डोके शांत ठेवून साथीदारांना जिवंत परत आणणे, हीसुद्धा. हे मला त्या दिवशी वर्गात सांगता आले नाही. तो मुलगा आता चाळिशीत असेल. कुठे आहे, ठाऊक नाही.

मागे राहिलेल्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवले, पकडलेलेही पुढे तिथे गेले. 1 डिसेंबर 1972 रोजी हे सारे वाघा सीमेवरून परत आले. पारुळकर पुन्हा हवाई दलात रुजू झाले, उड्डाण शिकवणारे प्रशिक्षक झाले, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर म्हणूनही त्यांनी काम केले. तिथे त्यांच्या हाताखालून गेलेल्या कॅडेटांना त्यांनी ही गोष्ट कशी सांगितली असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

आणखी एक विनंती आहे, आणि ती करताना मला जरा जड जाते. हा धडा लिहाल तेव्हा त्यात दुसऱ्या एका मराठी वैमानिकाचे नाव येऊ द्या. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. तेही सुखोई-7 चेच वैमानिक. 5 डिसेंबर 1971 रोजी, म्हणजे पारुळकरांच्या पाच दिवस आधी, पाकिस्तानवरच्या मोहिमेतून ते परतले नाहीत. त्या काळच्या एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत 'टॉम्बे' असे नाव छापून आले होते. पण कैद्यांच्या अदलाबदलीत ते आले नाहीत. बेपत्ता धरलेल्या 54 भारतीय सैनिकांच्या यादीत त्यांचे नाव आहे. पाकिस्तान म्हणतो, आमच्याकडे कुणी नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. 2007 मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघायला गेले तेव्हा त्याही गेल्या होत्या. हाती काही लागले नाही.

ही दोन माणसे शेजारी ठेवली म्हणजे लंडी कोतलच्या त्या फोनचा अर्थ मला नीट कळतो. कैद्याचे नाव यादीत चढले, रेड क्रॉसला कळले, कुणीतरी फोनवर म्हणाले की हो, हा आमच्या ताब्यातला माणूस, की मग त्याला नाहीसे करणे अवघड होते. पारुळकर पेशावरला फोन लावा म्हणाले ते मला वाटते एवढ्यासाठीच: माझे नाव कुणीतरी उच्चारा. तांबे यांचे नाव वर्तमानपत्रात छापून आले, पण कैद्यांच्या अधिकृत यादीत चढले नाही.

आता माझ्या धंद्यातले थोडे. धडा आठवीच्या बालभारतीत घ्या किंवा नववीच्या कुमारभारतीत, ते तुम्ही ठरवा. चार-पाच पाने पुरतील. लिहिणाऱ्याला एवढेच सांगा की मुठी आवळणारी वाक्ये नकोत. 'शत्रूच्या उरात धडकी भरली' असे एकही वाक्य नको, कारण खरोखर कुणाच्या उरात धडकी भरलीच नव्हती, त्या रात्री पहारेकऱ्यांना पत्ताही लागला नव्हता. संवाद रचून घालू नका. फोनवर नेमके कोणते शब्द बोलले गेले ते पुस्तकात आले की मुलांना ते पाठ होतात, परीक्षेत येतात, आणि पुढे तेच इतिहास होतात. आमच्या पाहुण्यांनीही कुठेतरी असेच ऐकले असणार. त्यांच्यावर माझा राग नाही.

स्वाध्यायाबद्दल माझा आग्रह मात्र जास्त आहे. 'रिकाम्या जागा भरा'मध्ये पारुळकरांचे विमान कोणते, हे विचारा, हरकत नाही. पण 'स्वमत'मध्ये विचारा: उस्मान यांनी तो फोन घेतल्यावर दुसरे काय करू शकले असते? 'कारणे लिहा'मध्ये विचारा: तहसील कचेरीतल्या माणसाला तिघे बंगाली का वाटले? मुले इतिहासाच्या बाईंकडे जाऊन विचारतील, आणि तेच मला हवे आहे. एक प्रश्न असा असू द्या, ज्याचे उत्तर मार्गदर्शकात छापता येणार नाही: तुम्ही त्या कोठडीत मोडक्या पायाने पडलेले आहात, मित्र पळून जाणार आहेत, त्यांच्यामागे तुमचे हाल होणार आहेत, तर तुम्ही त्यांना काय सांगाल? माझ्या अनुभवाने सांगते, या प्रश्नावर मागच्या बाकावरची मुले लिहितात.

आणि चित्र. धड्याच्या सुरुवातीला ढगांतून झेपावणारे विमान छापण्याचा मोह होईल, चित्रकारालाही आणि तुम्हालाही. ते छापू नका. त्या जागी साधा नकाशा द्या: रावळपिंडी, पेशावर, जमरूद, लंडी कोतल, आणि त्याच्या पुढे तुटक रेघेने दाखवलेली, 1932 मध्ये बंद झालेली रेल्वे, जिच्या टोकाला लंडी खाना आहे. सीमेपर्यंतचे चार मैल ठळक दाखवा. मी माझ्यापुरता तो पेन्सिलीने काढून ठेवला आहे. सुबक नाही, पण अंतरे प्रमाणात आहेत. हवा असेल तर पाठवते.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा जिल्हा